आधी चूल, मग खोली

आज एका दूरच्या देशातून फिरून आपण मेळघाटात येऊ.

मध्य अमेरिकेत कोस्टा रिका नावाचा देश आहे, महाराष्ट्राच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढा. गुरांच्या कुरणांसाठी तिथलं जंगल इतकं तोडलं, की चाळीसेक वर्षांपूर्वी जेमतेम पाव देश झाडीखाली उरला. मग १९९६ साली कायदा झाला. जो शेतकरी जंगल राखेल, त्याला सरकार इंधनावरच्या करातून पैसे देऊ लागलं. आज निम्म्याहून जास्त देश हिरवा आहे आणि ते जंगल पाहायला जगभरातून लोक येतात.

आपल्याकडे काय कमी आहे, सांगा? मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ चा, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. चिखलदऱ्याची थंड हवा अन् कॉफी, सेमाडोह-कोलकासची सिपना नदी, अकोटकडून नरनाळा किल्ला. सुटीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. पण गाडीतला डबा, बिस्किटं, पाण्याची बाटली शहरातूनच येते. पैसा येतो तसा जातो, आपल्या वाट्याला प्लास्टिक उरतं.

गटाच्या बैठकीत बाया विचारतात, "ताई, कर्ज काढून होमस्टे बांधायचा का?" मी म्हणते, आधी चूल, मग खोली. रोडगे, वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा हे आपल्या हातचं आहे. एक हंगाम ताटं वाढा. वहीत रोज लिहा: ताटं किती गेली, खर्च किती, उरलं किती. पावसाळ्यात गाभ्यातली सफारी बंद असते, पण चिखलदऱ्याला गर्दी तेव्हाच होते. आपलं गाव कोणत्या वाटेवर आहे, ते पाहून हिशेब मांडा.

वही नफा दाखवत असेल, तर पुढे जा. राज्याच्या २०२३ च्या 'आई' पर्यटन धोरणात महिलांच्या व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर १२ टक्क्यांच्या मर्यादेत व्याजाचा परतावा आहे. परतावा म्हणजे हप्ता आधी आपणच भरायचा, व्याज मागून मिळतं. मुद्दल तर आपल्यालाच फेडायचं आहे. म्हणून अटी पूर्ण वाचून घ्या, मगच सही करा.

आणि एक ठराव जरूर करा. आपल्या ताटावर प्लास्टिक नाही, पळसाची पत्रावळ. पाहुणा जंगलासाठी येतो. जंगल राहिलं तरच तो पुन्हा येईल, बायांनो.

येत्या बैठकीत हा विषय घ्या.