फाएन्झाच्या मोटारखान्याची कथा



शर्यत म्हटली की खानदेशात आपल्या डोळ्यांपुढे बैलजोड्या उभ्या राहतात. आज आम्ही बोलणार आहोत मोटारींच्या शर्यतीविषयी, आणि तेही कधीच पहिल्या न आलेल्या एका संघाविषयी. कोणी मध्येच उठून गेल्यास आम्हास राग येणार नाही!

धुळ्यातून जसा मुंबई-आग्रा रस्ता जातो, तसा इटलीतील फाएन्झा गावातून रोमनांनी बांधलेला जुना रस्ता जातो. गाव धुळ्याहून पुष्कळ लहान. त्याची ख्याती झिलईदार मातीच्या भांड्यांची. तेथील जियानकार्लो मिनार्दी यांच्या घरी फियाट मोटारी विकण्याचा धंदा होता. त्यांनी १९७९ साली स्वतःच्या नावाचा संघ काढला आणि १९८५ साली, अवघ्या एका मोटारीनिशी, तो फॉर्म्युला वन ह्या सर्वांत वरच्या दर्जाच्या शर्यतींत उतरविला. फेरारीचा बलाढ्य कारखाना त्याच मुलखातला! पहिला गुण मिळावयास १९८८ साल उजाडले.

१९९९ साली जर्मनीत नुर्बुर्गरिंगच्या शर्यतीत पावसाने मोठमोठ्यांची दाणादाण उडविली आणि मिनार्दीचा लुका बादोएर चौथ्या स्थानी आला. तेरा फेऱ्या उरल्या होत्या. गियरबॉक्सने दगा दिला. तो खाली उतरला आणि मोटारीपाशीच ढसाढसा रडला. चौथ्या क्रमांकाला तेव्हा गुण तीन होते. तीन गुणांसाठी प्रौढ माणूस रडतो, ह्याचे हसू ज्यास येईल त्याने लहान कारखाना चालविलेला नाही, एवढेच आम्ही म्हणू. त्याचा जोडीदार सहावा आला. एक गुण पदरी पडला.

फर्नांदो आलोन्सो २००१ साली येथेच प्रथम शर्यतीत उतरला. २००५ साली तो जगज्जेता झाला, पण दुसऱ्याच्या मोटारीत. पेरणी फाएन्झात, खळे भलत्याचे!

त्याच २००५ साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे टायर फुटण्याच्या भयाने चौदा मोटारी माघारी फिरल्या, सहाच धावल्या. चौथा आला आपला नारायण कार्तिकेयन, जॉर्डन संघाकडून. पाचव्या-सहाव्या स्थानी मिनार्दीच्या मोटारी होत्या. तीनशेंवर शर्यती झाल्या, विजय एकही नाही. संघाची मालकी २००१ सालीच एका ऑस्ट्रेलियन गृहस्थाकडे गेली होती. त्याने २००५ अखेर तो रेड बुल कंपनीस विकला.

कारखाना मात्र फाएन्झातच राहिला. २००८ साली मोंझा येथे त्याच कारखान्यातला संघ पहिला आला. तेव्हा दारावरच्या पाटीवर मिनार्दी हे नाव नव्हते.