सिमेंटचं दळण आणि आपली गच्ची
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझी सारी नोकरी सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली. त्यामुळे गच्चीचा विषय निघाला की हमखास प्रश्न येतो, "काका, सिमेंट कुठलं घ्यायचं?" आज पाच मिनिटांत उत्तर देतो.

सिमेंट म्हणजे दळणच. भट्टीतून निघालेले क्लिंकरचे काळपट खडे थोडं जिप्सम घालून पोलादी गोळ्यांच्या गिरणीत दळतात. बारीक दळलं की ताकद लवकर येते. पण फारच बारीक केलं तर ते पाणी जास्त मागतं, उष्णता लवकर निघते आणि तडे जाण्याची भीती वाढते. शिवाय गिरणीत पीठ तापतं, तसं सिमेंटही तापतं. साधारण 120 अंशांच्या वर गेलं की जिप्सममधलं पाणी उडू लागतं. मग कालवलेला माल काही मिनिटांतच आवळतो. अशा वेळी गवंडी वरून पाणी ओततो आणि ताकद घालवतो. खरं तर तोच माल नुसता पुन्हा घोटला की सैल होतो.

आता राखेचं. पीपीसीच्या पोत्यात 15 ते 35 टक्के फ्लाय अ‍ॅश असते. वीजकेंद्रात कोळसा जाळून उरलेली बारीक राख. लोक म्हणतात, भेसळ आहे. नाही हो! सिमेंटला पाणी लागलं की त्यातून चुना सुटतो. राखेतली सिलिका त्या चुन्याशी जुळते आणि बारीक छिद्रं बुजवते. गच्चीला तेच हवं. पण हे काम सावकाश चालतं आणि त्याला ओल लागते. म्हणून भारतीय मानक 456 साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, तर मिश्र सिमेंटला किमान 10 दिवस ओलावा ठेवायला सांगतं.

आपण चुकलो ते इथेच. मागच्या खेपेस पीपीसीचा कोबा केला आणि टँकरचे पैसे वाचवायला तिसऱ्या दिवशी पाणी मारणं थांबवलं. मला कळत होतं. पण मीटिंगमध्ये वाद नको म्हणून मी गप्प बसलो. त्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या आजींच्या पलंगावर पाणी ठिबकलं आणि सगळ्यांनी सिमेंटला नावं ठेवली. सिमेंट चांगलं होतं. दोष आपला, आणि त्यात पहिला माझा.

दिवाळीनंतर पुन्हा काम निघतंय. पोत्यावरची तारीख बघून ताजं पीपीसी घ्या, आळी बांधून दहा दिवस पाणी साठवा. सकाळी सहाची पाळी माझी. संध्याकाळची कोण घेणार? हात वर करा!