आकाशातून येणारा दगड

(बीड येथे झालेल्या एका व्याख्यानाचे शब्दांकन)



मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आपल्या वडवणी तालुक्यातील खळवट लिमगाव हे गाव एकाएकी वृत्तपत्रांत आले. मोठा आवाज झाला, आकाशातून दगड पडले आणि त्यांतील एक तर घरावरच्या पत्र्याला भोक पाडून आत आला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. खगोल अभ्यासकांनी गावात येऊन पाहणी केली आणि हा अशनिपात असल्याचे सांगितले. चार दिवस चर्चा झाली, मग विषय मागे पडला. तथापि ज्या घराचा पत्रा फुटला, त्या घरातील माणसांना पडलेला प्रश्न आपण सर्वांनीच विचारण्याजोगा आहे. आज मुठीएवढा दगड आला, उद्या डोंगराएवढा आला तर?

हा प्रश्न त्या वेळी हवेत होताच. जेमतेम पंधरा दिवसांपूर्वी सर्व वृत्तवाहिन्यांवर एका लघुग्रहाची चर्चा रंगली होती. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिली देशातील एका दुर्बिणीला तो दिसला आणि त्याला '२०२४ वायआर ४' असे नाव मिळाले. आकार सुमारे ६० मीटर. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आरंभी एक टक्का, मग दोन टक्के आणि १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ३.१ टक्के सांगण्यात आली. तो आदळलाच तर कोठे, याचा जो पट्टा शास्त्रज्ञांनी काढला होता तो प्रशांत महासागराच्या पूर्व भागापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत येत होता. मुंबईचे नाव त्या चर्चेत आले आणि मग विचारता सोय नाही! आगीचे लोळ, कोसळणाऱ्या इमारती, काळजात धडकी भरवणारे संगीत, असा सगळा जामानिमा झाला. पुढच्या आठवडाभरात नवी निरीक्षणे हाती आली आणि ती शक्यता जवळजवळ शून्यावर आली. शून्याची बातमी मात्र किती जणांनी पाहिली?

अनेकांनी यातून असा निष्कर्ष काढला की, शास्त्रज्ञांनाच काही ठाऊक नसते, आज एक सांगतात, उद्या दुसरे. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो का चुकीचा, हे समजले तर पुढच्या वेळी निम्मी भीती आपोआप नाहीशी होईल. समजा, एखाद्या शेतकऱ्याचा बैल रात्री दावे तोडून गेला. शिवारात शंभर गट आहेत आणि बैल त्यांपैकी कोणत्या तरी एका गटात आहे, एवढेच ठाऊक आहे. तो आपल्या गटात असण्याची शक्यता शंभरात एक. मंडळींनी सत्तर गट पाहून काढले, बैल सापडला नाही, आपला गट अजून पाहायचा आहे. आता शक्यता तीसात एक झाली. बैल आपल्याकडे चालत आला का? नाही. तो होता तेथेच आहे, फक्त शोधाचे क्षेत्र आकसले. आणखी वीस गट पाहिले आणि बैल ओढ्याकाठच्या गटात उभा दिसला, की आपली शक्यता एकदम शून्य. लघुग्रहाच्या कक्षेचे असेच असते. आरंभी थोडी निरीक्षणे असतात, म्हणून संभाव्य मार्गांचा पट्टा रुंद असतो. निरीक्षणे वाढतात तसा पट्टा अरुंद होतो. पृथ्वी त्या पट्ट्यात असेपर्यंत टक्केवारी चढत जाते आणि पट्ट्याबाहेर पडताच ती कोसळते. म्हणजे हा चढउतार मोजणी नीट चालू असल्याची खूण आहे.

'पृथ्वीच्या अगदी जवळून' हा दुसरा शब्दप्रयोग असाच फसवा आहे. महिन्यातून एकदा तरी असे वृत्त येते की, अमुक लघुग्रह पृथ्वीच्या जवळून जाणार आणि अंतर तीस लाख किलोमीटर. आपली पृथ्वी क्रिकेटच्या चेंडूएवढी कल्पिली, तर चंद्र त्या चेंडूपासून साधारण दोन मीटरवर येतो. तीस लाख किलोमीटर म्हणजे सतरा मीटर, जवळजवळ एका खेळपट्टीएवढे. चेंडू एका टोकाच्या यष्टीपाशी ठेवलेला आणि दुसऱ्या टोकाकडून डोळ्यांना दिसणारही नाही एवढा धुळीचा कण वाऱ्यावर निघून गेला, असा तो प्रकार असतो. खगोलशास्त्राच्या हिशेबात हे अंतर जवळचे असेल, पण त्याने घरदार सोडण्याचे कारण नाही. सभागृहातील ज्येष्ठांना १९७९ चे स्कायलॅब आठवत असेल. अमेरिकेची ती अवकाशप्रयोगशाळा कोसळणार म्हणून आपल्याकडे केवढी घबराट उडाली होती! आता सगळे संपणारच म्हणून काही ठिकाणी लोकांनी कोंबड्या-बकऱ्या कापून गोडधोड जेवणे उरकली, असे किस्से अजून सांगितले जातात. ११ जुलै १९७९ रोजी स्कायलॅब हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडली. बकऱ्या तेवढ्या गेल्या.

मग धोका नाहीच का? तसे म्हणणेही खरे नव्हे. त्याचा पुरावा आपल्या मराठवाड्याच्या वेशीवर आहे. जालना, मंठा करीत बुलढाणा जिल्ह्यात शिरले की लोणार लागते. आपल्यापैकी अनेक जण सहलीच्या निमित्ताने तेथे गेले असतील, दैत्यसूदनाच्या मंदिरातील शिल्पे पाहून, लवणासुराच्या वधाची कथा ऐकून परत आले असतील. त्या सरोवराच्या काठावर क्षणभर थांबून हे ध्यानात घ्यावे की, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा आणि काठापासून दीडशे मीटर खोलीचा हा वाडगा पाण्याने कोरलेला नाही. १८२३ मध्ये एका ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, तेव्हापासून दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख मानले गेले. ते स्वाभाविकही होते, कारण भोवतालचा सगळा काळा पाषाण ज्वालामुखीतून आलेल्या लाव्हारसाचाच आहे. आपल्या बालाघाटाच्या डोंगररांगाही त्याच पाषाणाच्या. विवराच्या तळाशी वेधन करून नमुने काढले गेले, तेव्हा त्यांत अशी काच सापडली, जी केवळ प्रचंड आघाताच्या दाबाखालीच तयार होते. १९७३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि लोणार अशनीच्या आघाताने झाले, हे जगाने स्वीकारले. त्याचे वय पूर्वी ५२ हजार वर्षे मानीत, २०११ च्या संशोधनाने ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे असावे असे पुढे आले. लाव्हारसाच्या खडकात झालेली अशी विवरे पृथ्वीवर अगदी मोजकी आहेत. चंद्र आणि मंगळ यांवरील विवरे समजून घेण्यासाठी म्हणूनच देशोदेशीचे अभ्यासक लोणारला येतात. आपल्याकडच्या शाळांच्या सहली मात्र अजूनही सरोवराचा रंग पाहून परततात.

आपल्या पूर्वजांनी आकाशातून पडणाऱ्या वस्तूंकडे दुर्लक्ष केले नव्हते, हेही येथे सांगितले पाहिजे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उल्कांवर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार वेगळे केलेले आहेत. त्या अध्यायात शुभाशुभ फळेही सांगितली आहेत, ती त्या काळाची समजूत म्हणून बाजूला ठेवावीत. निरीक्षण करून प्रकार पाडण्याची दृष्टी मात्र घेण्यासारखी आहे. युरोपातील विद्वानांना अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत आकाशातून दगड पडतात हेच मान्य नव्हते. ग्रामीण लोकांच्या त्या कल्पना आहेत, असे ते म्हणत. १८०३ मध्ये फ्रान्सच्या लेगल गावाभोवती दगडांचा अक्षरशः पाऊस पडला, चौकशीसाठी गेलेल्या शास्त्रज्ञाने शेतकऱ्यांच्या साक्षी नोंदवल्या, तेव्हा कोठे विद्वानांचा आक्षेप मावळला.

धोक्याचे गणित आकारावर ठरते. खडे आणि धूळ तर पृथ्वीवर दररोज टनावारी येते आणि हवेत जळून जाते. खळवट लिमगावला पडले तसे किंवा २२ मे २०१२ रोजी नागपूरजवळ काटोल परिसरात पडले तसे दगड हे त्याहून थोडे मोठ्या वस्तूंचे अवशेष. दुसऱ्या टोकाला आहे तो सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा आघात. सुमारे दहा किलोमीटर आकाराचा लघुग्रह आजच्या मेक्सिकोत आदळला आणि डायनोसॉरांसह असंख्य जीवजाती संपल्या. आपल्या दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थर साचत होते, तोही साधारण हाच काळ. पण एक किलोमीटरहून मोठे जे लघुग्रह पृथ्वीच्या आसपास फिरतात, त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक आता शोधून काढले गेले आहेत आणि त्यांतील एकाचाही पुढील शंभर वर्षांत धोका नाही.

खरी काळजी मधल्यांची आहे. ३० जून १९०८ रोजी सायबेरियातील तुंगुस्का येथे काही दशक मीटरांची वस्तू हवेतच फुटली आणि दोन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्रातील जंगल आडवे झाले. बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १०,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे जिल्ह्याचा पाचवा हिस्सा. तेथे वस्ती नव्हती म्हणून त्या घटनेची भीषणता मानवजातीला उमगली नाही. १४० मीटरहून मोठे लघुग्रह सुमारे पंचवीस हजार असावेत असा अंदाज आहे आणि त्यांतील निम्म्याहून कमी आपल्याला ठाऊक आहेत. जो दिसला, ज्याची कक्षा मोजली, त्याची भीती नाही. भीती आहे ती न दिसलेल्याची.

रशियातील चेल्याबिन्स्क शहराने हे अनुभवले. १५ फेब्रुवारी २०१३ च्या दिवशी जगभरचे खगोलशास्त्रज्ञ दुसऱ्याच एका लघुग्रहाची वाट पाहत होते. तो पृथ्वीपासून सुमारे २७,७०० किलोमीटरवरून, आधी सांगितल्याप्रमाणे, निर्धोक निघून जाणार होता आणि गेलाही. त्याच सकाळी सूर्याच्या दिशेने वीस मीटरांची एक वस्तू आली. सूर्याच्या प्रखरतेमुळे तिला कोणत्याच दुर्बिणीने पाहिले नव्हते. ती शहराजवळ तीस किलोमीटर उंचीवर फुटली. डोळे दिपवणारा प्रकाश पाहून लोक खिडक्यांकडे धावले, काय झाले ते पाहू लागले आणि दोन-अडीच मिनिटांनी आघाताची लाट पोहोचली. हजारो खिडक्यांच्या काचा फुटल्या. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, ते बहुतांशी काचांनी. दगड डोक्यात पडून नव्हे. आकाशात असा लखलखाट झाला तर खिडकीपासून दूर जावे आणि काही मिनिटे दूरच राहावे, एवढी साधी गोष्ट ठाऊक असती तर त्यांतील कितीतरी जण वाचले असते. आपल्या शाळांत भूकंपाच्या सूचनांबरोबर ही एक ओळ सांगायला खर्च येत नाही.

शोधाचे काम जगभर चालू आहे आणि त्यात आपलीही मुले आहेत. १६ ऑगस्ट २०२० रोजी मोटारीएवढा एक लघुग्रह हिंदी महासागरावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीवरून गेला. अमेरिकेतील दुर्बिणीने टिपलेल्या चित्रांत तो प्रथम ओळखला कुणाल देशमुख आणि कृत्ती शर्मा या मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी. अर्थात तो निघून गेल्यावर काही तासांनी. एवढा लहान दगड आधी दिसणे अजून कठीण आहे, हे त्यातून कळते आणि तो आलाच असता तर बहुतेक हवेतच जळाला असता, हेही खरे.

दिसलेला लघुग्रह वळवता येतो का, याचाही प्रयोग झाला आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेचे डार्ट हे यान डायमॉर्फस नावाच्या सुमारे १६० मीटरांच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले. तो आपल्या मोठ्या सोबत्याभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे, धडकेनंतर त्याला सुमारे ३२ मिनिटे कमी लागू लागली. महापूर, दुष्काळ, भूकंप यांना माणूस अडवू शकत नाही. ही एक नैसर्गिक आपत्ती मात्र अशी आहे की, पुरेशी वर्षे आधी कळली तर टाळता येण्याजोगी आहे. दुष्काळाच्या या जिल्ह्याला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आता येत्या काळात एक तारीख पुन्हा पुन्हा कानांवर पडेल. अपोफिस हा सुमारे साडेतीनशे मीटरांचा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी, आपल्या घड्याळाप्रमाणे १४ एप्रिलच्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास, पृथ्वीपासून अवघ्या ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. आपले दूरचित्रवाणीचे उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर असतात, त्यांच्याही आतून. २००४ मध्ये तो सापडला तेव्हा शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली होती. २०२१ मधील रडार निरीक्षणांनंतर पुढील शंभर वर्षांपुरता त्याचा धोका पूर्णतः निकालात निघाला आहे. त्या आठवड्यात वाहिन्यांवर काय चालेल याची कल्पना आजच करता येते. घरातील मुलांना तेव्हा क्रिकेटचा चेंडू घेऊन दाखवावे, अपोफिस त्यापासून एका वितीवरून जाणार आहे आणि तो कोठून जाणार हे आपल्याला पुरते ठाऊक आहे.

राहता राहिला शेतात किंवा अंगणात पडलेला दगड. बाहेरून काळसर, भाजल्यासारखा पापुद्रा आणि आकाराच्या मानाने जड, असा दगड आवाजापाठोपाठ पडलेला सापडला, तर तो धुऊ नये, फोडू नये, त्याला लोहचुंबक लावून पाहू नये. चुंबकाने त्यातील प्राचीन चुंबकीय नोंद पुसली जाते. शक्य तो उघड्या हाताने न उचलता स्वच्छ कागदात किंवा पिशवीत ठेवावा, पडल्याची वेळ, जागा आणि आवाज कोणत्या दिशेने आला ते लिहून ठेवावे आणि तहसील कार्यालयाला कळवावे. तेथून तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेकडे जाऊ शकतो, देशातील अशनींचा संग्रह त्यांच्याकडेच असतो. त्याला शेंदूर लावून पारावर ठेवण्याचा मोह होईल, तोही समजण्यासारखा आहे. पण पाऊस लागला की चार-दोन पावसाळ्यांत त्यातील लोह गंजून जाते आणि साडेचार अब्ज वर्षे जपलेले काही पारावर नाहीसे होते.