निर्बंधांचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्णद्वेषी राजवटींविरुद्ध जगाने काय केले असा विषय निघाला की आपल्याकडे ठरावांची जंत्री वाचली जाते. ठरावांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला प्रश्न पडतो तो निराळाच. या ठरावांची किंमत कोणी मोजली? ऱ्होडेशियाचे, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेचे, उदाहरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. कारण संयुक्त राष्ट्रसंघाने सक्तीचे आर्थिक निर्बंध प्रथम लादले ते याच देशावर, डिसेंबर १९६६ मध्ये.

११ नोव्हेंबर १९६५ रोजी इयन स्मिथ यांच्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले. देशात गोरे सुमारे सव्वादोन लाख, आफ्रिकी चाळीस लाखांहून अधिक. पुढे १९६९ च्या कायद्याने या दोघांत जमीन निम्मी-निम्मी वाटण्यात आली. समानतेचा याहून क्रूर अर्थ कोणी लावला नसेल! ब्रिटनमधील मजूर पक्षाच्या सरकारने लष्करी बळ वापरण्यास आधीच नकार दिला होता. जानेवारी १९६६ मध्ये लागोसच्या राष्ट्रकुल परिषदेत पंतप्रधान विल्सन यांनी सांगितले की हे बंड महिन्यांत नव्हे, काही आठवड्यांतच संपेल. ते संपावयास चौदा वर्षे लागली.

तेलाचेच पाहा. बैरा बंदराकडे तेल घेऊन जाणारी जहाजे अडविण्यासाठी ब्रिटिश आरमार १९६६ पासून १९७५ पर्यंत मोझांबिकच्या समुद्रात पहारा देत होते. पहारा चोख होता. फक्त तेल त्या वाटेने येतच नव्हते. ते येत होते लोरेन्सो मार्केसमार्गे आणि दक्षिण आफ्रिकेतून. १९७८ साली बिंगहॅम अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा उघड झाले की शेल आणि ब्रिटिश पेट्रोलियम यांच्याच उपकंपन्या या पुरवठ्यात गुंतल्या होत्या. अडचण नको म्हणून मध्यंतरी एका फ्रेंच कंपनीशी अदलाबदलीची व्यवस्था करण्यात आली, आणि ही गोष्ट लंडनमधील काही मंत्र्यांच्या कानावर घालण्यात आली होती. ब्रिटिश पेट्रोलियममध्ये खुद्द ब्रिटिश सरकारचे मोठे भागभांडवल होते, हे ध्यानात घ्या. सरकारचा एक हात समुद्रात जहाजे अडवीत होता आणि दुसरा नफ्याचा वाटा घेत होता.

अमेरिकेची तऱ्हा याहून सरळ. तिने १९७१ साली बर्ड दुरुस्ती संमत करून ऱ्होडेशियाच्या क्रोमची आयात कायद्यानेच खुली केली. सबब काय, तर अन्यथा सोव्हिएत रशियाच्या क्रोमवर अवलंबून राहावे लागेल! ती दुरुस्ती मागे घेण्यास १९७७ उजाडले.

आता दुसरी बाजू. झांबियाचा तेलपुरवठा ऱ्होडेशियातूनच होत असे. तेलबंदी जाहीर होताच स्मिथ सरकारने डिसेंबर १९६५ मध्ये प्रथम झांबियाचेच तेल तोडले. त्या देशाला काही काळ विमानांतून तेल आणावे लागले. त्याची जवळजवळ सारी निर्यात तांब्याची, आणि ते तांबे बंदरावर नेणारा रूळमार्ग शत्रूच्या मुलखातून जाणारा. १९७३ मध्ये स्मिथ यांनी सीमा बंद केली, नंतर उघडण्याची तयारी दाखविली. पण झांबियाने ती बंदच ठेवली. चीनच्या साहाय्याने दार-एस-सलामपर्यंत १,८६० किलोमीटरचा लोहमार्ग उभा राहिला, तरी तो आणि ते बंदर मिळूनही वाहतूक पुरी पडेना. मोझांबिक जून १९७५ मध्ये स्वतंत्र झाला आणि वर्ष पुरे होण्याआधीच, मार्च १९७६ मध्ये, त्याने ऱ्होडेशियाची सीमा बंद केली. बंदरे आणि रेल्वे यांचे हक्काचे उत्पन्न सोडून दिले. नवजात, दरिद्री देशाने!

ऑक्टोबर १९७८ मध्ये पेरणीपूर्वी खत पोहोचेना म्हणून केनेथ कौंडा यांना दक्षिणेचा लोहमार्ग पुन्हा खुला करावा लागला. बिंगहॅम अहवाल प्रसिद्ध होऊन जेमतेम महिना झाला होता. कौंडांना माघार घेतल्याचा दोष देणे सोपे आहे. मला तो देववत नाही.

मग निर्बंध निरुपयोगी होते काय? मी तसे म्हणणार नाही. परकीय चलनाची टंचाई, यंत्रसामग्रीची झीज आणि १९७६ नंतर मोझांबिकची बंद सीमा यांनी ती राजवट पोखरली. परंतु तिला १९७९ मध्ये लँकेस्टर हाउसच्या वाटाघाटींपर्यंत आणले ते प्रामुख्याने आफ्रिकी गनिमांच्या लढ्याने, आणि त्या लढ्याला आसरा देणारेही हेच दोन शेजारी होते.

राष्ट्रसंघाच्या सनदेचे ५० वे कलम निर्बंधांमुळे अडचणीत आलेल्या देशाला सुरक्षा समितीशी विचारविनिमय करण्याचा हक्क देते. भरपाईचा हक्क देत नाही. मदतीची आवाहने झाली, पण आवाहनाने खत येत नाही. आपण निर्बंधांची मागणी करतो तेव्हा शेजारी देशांच्या भरपाईसाठी सदस्य राष्ट्रांकडून बंधनकारक वर्गणी घ्यावी, हीही मागणी केली पाहिजे. ती करण्याचा अधिकार आपल्या देशाला आहे. १९४६ साली, स्वातंत्र्याच्या आधीच, भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, तेव्हा आपल्या निर्यातीपैकी सुमारे ५ टक्के माल तिकडे जात होता. पुढील अधिवेशनाच्या ठरावाचा मसुदा करणाऱ्या साथींनी एवढे कलम त्यात घालावे, अशी माझी विनंती आहे.