विक्रीपत्र तुमचं, ताबा कुणाचा?

(सोसायटीच्या स्नेहसंमेलनातील भाषणाचे शब्दांकन)



पंचवीस वर्षांत आपली मुलं मोठी झाली. काही जण आता महाल, धंतोली, धरमपेठेत जुनी घरं बघताहेत. मला विचारतात, "काका, वर-खाली दोन बिऱ्हाडांचं घर आहे. खाली भाडेकरू आहे म्हणून स्वस्तात मिळतंय. आम्ही वर राहू, भाड्यातून हप्त्याला हातभार. घ्यायचं का?"

घ्या. पण आधी एक विचारा: खालचं बिऱ्हाड कोणत्या कागदावर राहतं?

विक्रीपत्राने मालकी मिळते, ताबा मिळेलच असं नाही. घर विकलं म्हणून भाडेकरार संपत नाही. जुन्या मालकाच्या जागी तुम्ही येता, एवढंच.

लिव्ह अँड लायसन्स असेल तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जागा मागता येते. भाडेदारी असेल तर गोष्ट निराळी. आपल्याकडे पूर्वी सी. पी. अँड बेरारचा १९४९ चा आदेश होता. रेंट कंट्रोलरची परवानगी घेतल्याशिवाय भाडेकरूला नोटीस देता येत नसे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्याच्या कलम १६ प्रमाणे स्वतःची खरी गरज कोर्टात सिद्ध करावी लागते. शिवाय जास्त त्रास कुणाला होईल, मालकाला की भाडेकरूला, हेही कोर्ट बघतं. तुम्ही वरच्या मजल्यावर नीट राहत असाल, तर खालचाही हवा हे पटवणं सोपं नाही. भाडंही लेखी करारात वेगळं ठरलं नसेल तर वर्षाला ४ टक्केच वाढतं.

म्हणून रिकामा मजला आपल्या कुटुंबाला पुरतो का, ते आधी बघा. पुरत नसेल तर स्वस्ताईला भुलू नका. इसार देण्याआधी करार आणि भाडेपावत्या वाचा. डिपॉझिट कुणी परत करायचं, ते विक्रीपत्रात लिहून घ्या. "रिकामं करून देतो" असं मालक म्हणाला, तर पूर्ण पैसे रिकामा ताबा हातात आल्यावरच. आणि नळ-वीज तोडून कुणाला घालवायचा विचारही नको. कायद्याने तो गुन्हा आहे.

शेवटी, खाली जाऊन त्या मंडळींना स्वतः भेटा, चहा घ्या. उद्या एकाच फाटकातून जायचं-यायचं आहे. इथे येण्याआधी आपल्यापैकी कितीतरी जण कुणाच्या तरी घरात भाड्यानेच राहत होतो. नवा मालक येणार म्हटलं की घरात कशी झोप उडते, ते आपल्याला कुणी सांगायला नको.