पेशींची पानगळ



हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्या स्नेहमेळाव्यात मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांवर मोकळेपणाने बोलले जाते. प्रोस्टेट ग्रंथीचा विषय मात्र सहसा निघत नाही. या ग्रंथीच्या कर्करोगात शरीरात नेमके काय घडते, हे उमगले तर तो संकोच काहीसा ओसरेल. त्यासाठी आजचा विषय आहे पेशींचा मृत्यू आणि तो घडवून आणणारी प्रथिने.

मृत्यू हा शब्द अशुभ वाटतो. परंतु शरीराची घडण त्याच्याच आधारे होते. गर्भावस्थेच्या आरंभी हाताचा पंजा वल्ह्यासारखा सलग असतो. मधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात, म्हणून बोटे सुटी होतात. १९७२ साली केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी अशा शिस्तबद्ध पेशीमृत्यूला ‘अपोप्टोसिस’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘गळून पडणे’ असा असून तो झाडाच्या पानगळीसाठी वापरला जाई.

ही पानगळ प्रथिनांच्या हाती असते. पेशीत दुरुस्त न होणारा बिघाड झाला, की ‘बॅक्स’ आणि ‘बॅक’ ही प्रथिने पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांच्या आवरणाला छिद्रे पाडतात. तेथून ‘सायटोक्रोम सी’ बाहेर पडते आणि ‘कॅस्पेज’ नावाची विकरे जागी होतात. ती पेशीचे अंतरंग पद्धतशीर कापत जातात. उरलेले तुकडे शेजारच्या पेशी गिळून टाकतात. या साऱ्याला आवर घालणारे प्रथिन म्हणजे ‘बीसीएल-२’. ते प्रमाणाबाहेर वाढले, की मरावयास हवी ती पेशीही जगत राहते. कर्करोगात पेशी अनिर्बंध वाढतात, हे सर्वांना ठाऊक असते. त्या वेळेवर मरण्याचेही विसरतात, ही गोष्ट मात्र तितकी परिचित नाही.

प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्या पेशी पुरुष संप्रेरकांच्या आधाराने जगतात. तो आधार काढून घेतला, की त्यांतील बहुसंख्य पेशींची पानगळ सुरू होते. शिकागोचे शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले, की हे संप्रेरक रोखल्यास पसरलेला प्रोस्टेट कर्करोगही मागे हटतो. या कार्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक लाभले. आजही या उपचाराचे मूळ तत्त्व तेच आहे.

तथापि पसरलेला रोग बहुधा काही काळाने पुन्हा उसळतो. काही पेशी संप्रेरकाचा अत्यल्प अंशही टिपू लागतात. काहींमध्ये ‘बीसीएल-२’ वाढलेले आढळते. काहींमध्ये ‘पीटेन’ हे रक्षक प्रथिन नाहीसे होते आणि पेशीला जगण्याचे संदेश अखंड मिळत राहतात. ‘बीसीएल-२’ला थोपवणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध रक्ताच्या एका कर्करोगासाठी २०१६ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे, प्रोस्टेटच्या बाबतीत ही वाट अद्याप संशोधनाचीच आहे.

यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. रोग ग्रंथीपुरता मर्यादित असताना शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने तो बरा होऊ शकतो. काही रुग्णांत तो इतका संथ असतो, की नियमित देखरेखही पुरते. मात्र आरंभी बहुधा कोणतेच लक्षण नसते. लघवीच्या तक्रारी पुष्कळदा वयोमानानुसार ग्रंथी वाढल्याने होतात आणि पीएसए ही रक्तचाचणी वाढलेली आली म्हणजे कर्करोग झालाच, असेही नाही. म्हणूनच तर्क करीत बसण्यापेक्षा पन्नाशीनंतर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे आणि चाचणीचे लाभ व मर्यादा समजून घ्याव्यात. वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला असेल, तर त्याहूनही आधी विचारावे.

वडील आपणहून बोलणार नाहीत, असे अनेक घरांतील चित्र आहे. अशा घरांत मुलांनी आणि मुलींनी हा प्रश्न आदराने विचारावा. एका पिढीने पाळलेले मौन पुढच्या पिढीला अंधारात ठेवते. कारण वडिलांचा आजार ठाऊक नसेल, तर मुलाला स्वतःचा धोकाही कळत नाही.