रेशमाच्या अळीला जंतू कसा ओळखू येतो?

श्रोतेहो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी तुतीवर रेशमाच्या अळ्या पाळतात, त्यांनी हे पाहिले असेल. अळीला जखम झाली की पिवळसर थेंब बाहेर येतो आणि थोड्या वेळाने काळा पडतो. हा थेंब म्हणजे अळीचे रक्त.

आपल्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. किड्यांच्या रक्तात ती नसतात. मग आत शिरलेला जंतू परका आहे, हे अळीला कळावे कसे?

ती जंतूची भिंत चाचपते! साखरेचे लांब धागे आणि त्यांना जोडणारे आखूड दुवे, अशी ही भिंत सुंभाच्या बाजेसारखी विणलेली असते. ही वीण प्राण्यांच्या शरीरात कुठेही तयार होत नाही. अळीच्या रक्तातली काही प्रथिने नेमकी तिलाच चिकटतात. असे प्रथिन जपानात योशिदा, किनोशिता आणि अशिदा यांनी १९९६ साली वेगळे काढले, आणि तेही रेशमाच्या अळीतूनच. ते भिंतीला चिकटले की एकामागून एक विकरे जागी होतात आणि तोच काळा रंग तयार होऊ लागतो. शिवाय अळीच्या अंगातली चरबी जंतुनाशक प्रथिने रक्तात सोडते.

शनिवार पेठेतल्या घरात पिकल्या केळ्यांवर चिलटे घोंगावतात ना, त्यांच्यात तर याहून बारकावा आहे. भिंतीतले दुवे दोन तऱ्हांचे असतात; दुवा कोणता, त्यावरून निराळी घंटा वाजते. या चिलटांवरच्या कामासाठी जूल्स हॉफमन यांना २०११ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आता तुम्ही म्हणाल, एवढा पहारा असताना आमच्या अळ्या मरतात का? एक तर ग्रासरी हा रोग विषाणूचा. विषाणूला अशी भिंतच नसते. दुसरे, काही जंतू रक्तात शिरण्याआधीच घाव घालतात. १९०१ साली जपानात इशिवाता यांना मेलेल्या रेशमाच्या अळ्यांत असा एक जंतू सापडला. त्याचे विष आतड्याला भोके पाडते. रक्तातला पहारेकरी जागा होईतो उशीर होतो. त्याच जातीचा जंतू आज 'बीटी' नावाने पिकांवरच्या अळ्या मारायला फवारतात. शेजारच्या शेतात ही फवारणी झाली असेल, तर वाऱ्याची दिशा विचारा आणि त्या बांधालगतचा तुतीचा पाला अळ्यांना घालू नका.